विश्लेषण : इंग्रजी वाचायला नेमके किती शब्द लागतात? ढाक्यात हा हिशेब मांडणारे मायकल वेस्ट कोण होते?

मराठी माध्यमातून शिकून आलेली मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाचे इंग्रजी पुस्तक उघडते. पहिल्याच पानावर दहा-पंधरा शब्द अडतात. मोबाइलवर एकेकाचा अर्थ पाहीपर्यंत परिच्छेदाचा धागा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत ती गाइड विकत घेते. व्याकरण कच्चे, असे तिला सांगितले जाते. अडचण व्याकरणाची नसून शब्दांच्या दाटीची असते, हे शंभर वर्षांपूर्वी बंगालमधल्या एका ब्रिटिश शिक्षणाधिकाऱ्याने मोजून दाखवले होते. त्याच्या हिशेबावर आजची अनेक इंग्रजी पाठ्यपुस्तके आणि शब्दकोश उभे आहेत.

ढाक्यात काय पाहिले?

मायकल फिलिप वेस्ट यांचा जन्म १८८८ चा. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून ते इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि १९१२ मध्ये बंगालमध्ये आले. पुढची सुमारे २० वर्षे ते तिथेच होते. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

त्या काळी बंगालमध्ये मॅट्रिक म्हणजे इंग्रजी, असे समीकरण होते. वरच्या वर्गांत इतर विषयही इंग्रजीतूनच शिकवले जात. वर्षानुवर्षे इंग्रजी घोकूनही बहुतेक मुलांना साधे पुस्तक सलग वाचता येत नव्हते. वेस्ट यांनी शाळांमध्ये वाचनाच्या चाचण्या घेतल्या. मुले किती वेगाने वाचतात आणि वाचलेले किती समजते, हे त्यांनी तपासले. त्यातून १९२६ मध्ये बंगालमधील द्विभाषिकतेवरचा त्यांचा मोठा अहवाल सरकारतर्फे कोलकात्यात प्रसिद्ध झाला.

विम्याची भाषा शाळेत

या अहवालातला सर्वात टिकाऊ विचार विमा व्यवसायातून उचललेला आहे, तो म्हणजे ‘सरेंडर व्हॅल्यू’. पॉलिसी मधेच बंद केली तर हातात किती रक्कम पडते? वेस्ट यांनी हाच प्रश्न शिक्षणाला लावला. शाळेत आलेल्या मुलांपैकी पुष्कळ शेवटपर्यंत टिकत नाहीत. जो मुलगा तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी शाळा सोडतो, त्याच्या हाती इंग्रजीतले काय उरते?

बोलणे, लिहिणे, व्याकरण सगळे थोडे थोडे शिकवले तर अर्ध्यात सोडणाऱ्याच्या हाती शून्य उरते, असे त्यांचे उत्तर होते. खेड्यातल्या मुलाला इंग्रजीत बोलण्याचा प्रसंग येणार तरी कुठे? वाचनाचे तसे नाही. जितके आले तितके कामाला येते आणि शाळा सुटली तरी वाढवता येते. म्हणून आधी वाचन, तेही मोठ्याने नव्हे तर मनातल्या मनात. उताऱ्याआधी प्रश्न द्यायचे आणि मुलाने उत्तर शोधण्यासाठी वाचायचे, ही त्यांची पद्धत होती.

यात साहेबी गृहीतकही होते, हे मान्य करायला हवे. भावना मातृभाषेत आणि ज्ञान इंग्रजीत, अशी त्यांची ढोबळ वाटणी होती. ज्या भाषेतल्या कवीला १९१३ मध्ये नोबेल मिळाले, तिच्यात विज्ञानाची पुस्तके का लिहिली जाऊ नयेत, या प्रश्नाला त्यात पुरेशी जागा नव्हती. तरीही अर्ध्यात गळणाऱ्या मुलाच्या बाजूने अभ्यासक्रमाकडे पाहणारे अधिकारी तेव्हा फारसे नव्हते. आजही फार नसावेत.

पाठ्यपुस्तकाची चिरफाड

मुलांना वाचता का येत नाही, याचे कारण वेस्ट यांना पुस्तकांतच सापडले. एक तर त्यांत जुने, काव्यातले शब्द भरलेले असत. बेटासाठी ‘आयलंड’ हा रोजचा शब्द सोडून ‘आइल’, घोड्याच्या मोतद्दारासाठी ‘ग्रूम’. दुसरे म्हणजे नवे शब्द इतक्या दाटीने येत की एक कळेपर्यंत पुढचे चार उभे ठाकत आणि आलेला शब्द पुन्हा भेटेलच याची खात्री नसे.

त्यांनी दोन नियम लावले. दुर्मीळ शब्दाच्या जागी नेहमीचा शब्द घ्यायचा. आणि साधारण ५० शब्दांमागे एकापेक्षा जास्त नवा शब्द येऊ द्यायचा नाही, आलेला पुन:पुन्हा वापरायचा. या तत्त्वांवर त्यांची ‘न्यू मेथड रीडर्स’ ही क्रमिक पुस्तकमाला लाँगमन्सने काढली. तिच्या जोडीला सोप्या इंग्रजीत पुन्हा सांगितलेल्या गोष्टींची पूरक पुस्तके आली. आज दुकानात ‘लेव्हल वन’, ‘लेव्हल टू’ अशा चिठ्ठ्या लावलेली गोष्टींची पुस्तके मिळतात, त्यांच्या घराण्याच्या मूळपुरुषांपैकी वेस्ट एक.

शब्दांवरून भांडणे

१९३२ मध्ये वेस्ट भारतातून गेले. पुढे त्यांनी टोरांटो आणि लंडन येथे अध्यापन केले. तोवर सोप्या इंग्रजीची बाजारपेठ तापली होती. केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली होती. वेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये तिची कठोर समीक्षा केली. शब्द ८५० असले तरी त्यांच्या जोड्या आणि वेगवेगळे अर्थ धरले तर मुलाला शिकावे लागते ते कितीतरी जास्त, हा त्यांचा मुद्दा होता. ऑग्डेन यांनी पुढच्याच वर्षी पुस्तक काढून उलटा हल्ला चढवला.

जपानमध्ये काम करणारे हॅरल्ड पामर यांचा पक्ष वेगळा होता. ते आधी बोलणे शिकवण्याच्या बाजूचे. पण शब्द निवडून, मोजून शिकवायचे यावर दोघांचे एकमत होते. १९३४ मध्ये कार्नेगी संस्थेच्या पुढाकाराने न्यूयॉर्कला परिषद झाली, तिथे हे दोघे एका टेबलावर बसले. १९३६ मध्ये अंतरिम अहवाल आला. नंतर महायुद्ध लागले आणि काम रेंगाळले.

‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ म्हणजे काय?

त्याच कामातून १९५३ मध्ये वेस्ट यांनी संपादित केलेली सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. तीच ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’. संगणकाची मदत नसताना सुमारे ५० लाख शब्दांच्या मजकुरातून माणसांनी केलेल्या मोजणीचा तिला आधार होता. एका शब्दाचे पाच अर्थ असतील तर कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो, हेही तिच्यात दिले होते. शिक्षकाच्या दृष्टीने खरी किंमत या टक्केवारीची, कारण आधी कोणता अर्थ शिकवायचा ते त्यावरून ठरते. केवळ वारंवारता हा निकषही नव्हता. कमी वेळा येणारा पण गरजेचा, ज्याने इतर शब्दांचे काम भागते, असा शब्दही घेतला गेला.

त्याआधी १९३५ मध्ये त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासह एक शब्दकोश केला होता. त्यात सुमारे २४,००० शब्द व वाक्प्रचारांचे अर्थ केवळ १४९० शब्द वापरून सांगितले होते. अर्थ पाहायला जावे तर अर्थातच दोन नवे शब्द अडावेत, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार त्याने बरीच कमी केली. १९७८ च्या लाँगमन शब्दकोशाने सुमारे २००० शब्दांत अर्थ देण्याची पद्धत उचलली, ती वेस्ट यांच्याच यादीच्या आधाराने.

१९६० च्या सुमारास, सत्तरी गाठताना, त्यांनी प्रतिकूल परिस्थितीत इंग्रजी कसे शिकवावे यावर पुस्तक लिहिले. प्रतिकूल म्हणजे एका वर्गात चाळीस-पन्नास मुले, दाटीची बाके, उकाडा आणि स्वत:च इंग्रजीत कच्चा असलेला शिक्षक. ढाका सोडून तीन दशके झाली तरी डोळ्यांसमोरचा वर्ग बदललेला नव्हता. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

कॉलेजच्या पुस्तकाला यादी पुरते का?

पूर्ण नाही. न्यूझीलंडच्या अव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये सुमारे ३५ लाख शब्दांचा विद्यापीठीय मजकूर तपासला. वेस्ट यांच्या यादीने त्यातले सुमारे ७६ टक्के शब्द व्यापले. यादीबाहेरचे पण सर्व विद्याशाखांत वारंवार येणारे ५७० शब्दगट त्यांनी वेगळे काढले. त्यांनी आणखी १० टक्के भरले. ‘कॉम्प्युटर’ या दुसऱ्या यादीत आला, कारण १९५३ च्या यादीत तो नव्हताच.

उरतात १४ टक्के, म्हणजे सात शब्दांत एक. वेस्ट यांची मर्यादा ५० शब्दांत एकाची होती. या उरलेल्यांत विशेषनामे असतात, विषयाची परिभाषा असते आणि विरळ शब्द असतात. परिभाषा अर्थशास्त्राच्या किंवा जीवशास्त्राच्या तासालाच कळते, इंग्रजीच्या नाही. विरळ शब्दांसाठी मात्र कुठलीच यादी नाही. ते भेटतात पुष्कळ वाचताना, आणि तेही वाचायला घेतलेले पुस्तक आपल्या पायरीचे असेल तरच.