लीलावतीचा गणितज्ञ

आपले जुन्नर आणि आंबेगाव सह्याद्रीच्या कुशीत आहेत. याच सह्याद्रीजवळ विज्जलविड नावाचे गाव होते. भास्कराचार्य तेथले. त्यांचा जन्म इ. स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’.

गणिताची भीती तेव्हाही असणारच! भास्कराचार्यांनी उदाहरणे रानातून, तळ्यातून आणि बाजारातून घेतली. त्यांपैकी हे एक. भुंग्यांचा थवा उडाला. त्याचा पाचवा भाग एका झाडावर बसला, तिसरा भाग दुसऱ्यावर. या दोन भागांतील फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडावर गेले. एक भुंगा मात्र सुगंधाने भुलून हवेतच घिरट्या घालत राहिला. तर एकूण भुंगे किती? तीन झाडांवरचे भाग मिळवा. चौदा पंधरांश होतात. म्हणजे तो एकटा भुंगा थव्याचा पंधरावा भाग. भुंगे पंधरा!

पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला.

१५८७ मध्ये अकबर बादशहाच्या आज्ञेने कवी फैजी यांनी ‘लीलावती’ फारसीत आणली. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. घटिकापात्रात मोती पडला, छिद्र बुजले आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला. तिचे दुःख हलके व्हावे म्हणून वडिलांनी ग्रंथाला तिचे नाव दिले. ही कथा फैजींच्या प्रस्तावनेत आहे. मूळ ग्रंथात नाही.