वाल्डेमार हाफकिन

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. काखेत किंवा जांघेत गाठ यावी, सडकून ताप भरावा आणि धडधाकट माणूस चार दिवसांत दगावावा, असा तो भयंकर रोग! घरोघर आकांत उडाला. हजारो लोक शहर सोडून गेले. अशा वेळी रोगावर लस शोधण्याचे काम सरकारने हाफकिन यांच्यावर सोपविले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओदेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते प्राणिशास्त्र शिकले होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढील वर्षी ते भारतात आले.

मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रयोगांसाठी जागा दिली. एक कारकून व तीन शिपाई एवढेच त्यांचे मनुष्यबळ. मांसरसावर तुपाचे थेंब सोडून ते त्यात प्लेगचे जंतू वाढवीत आणि मग उष्णता देऊन त्यांना मारीत. असे मृत जंतू टोचले असता शरीर रोगाशी झुंजण्यास सज्ज होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण लस निर्धोक ठरली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे लस घेतलेल्या कैद्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. १८९९ साली सरकारने परळचे जुने गव्हर्नर निवासस्थान प्रयोगशाळेसाठी दिले.

पुढे पंजाबातून लशीची फार मोठी मागणी आली. काम त्वरेने व्हावे म्हणून हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक आम्ल घालणे सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल या गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेला दिला आणि हाफकिन यांना परळ सोडावे लागले.

परंतु इतर बाटल्यांतील लशीने कोणासही अपाय झाला नव्हता! बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या वृत्तपत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली. अखेर ते निर्दोष ठरले. मात्र परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. कलकत्त्यास काम करून १९१४ साली ते निवृत्त झाले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

१९२५ साली परळच्या त्या संस्थेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. नव्या औषधाचा शोध लावण्यास धैर्य लागते. त्या शोधाचा न्याय करण्यास मात्र धीर लागतो. हाफकिन यांच्यापाशी धैर्य होते. तो धीर दाखविण्यास राज्यकर्त्यांना पाच वर्षे लागली.