जगदीशचंद्र बोस

जगदीशचंद्र बोस हे थोर शास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे झाला. ते आता बांगलादेशात आहे. लहानपणी ते बंगाली शाळेत शिकले. नंतर शिकायला इंग्लंडला गेले.

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. काम सारखेच, पण आपल्या माणसांना पगार कमी! म्हणून त्यांनी तीन वर्षे पगार घेतलाच नाही. पण शिकवणे सोडले नाही. शेवटी सरकारला सगळा पगार द्यावा लागला.

कॉलेजात संशोधनाला प्रयोगशाळा नव्हती. ते एका लहानशा खोलीत प्रयोग करायचे. यंत्रेही नव्हती. मग पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला समजावून सांगून त्यांनी यंत्रे करून घेतली. खर्च स्वतः केला. १८९५ साली त्यांनी तार न जोडता भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. लोक बघतच राहिले.

पुढे त्यांनी लाजाळूचा आणि दुसऱ्या झाडांचा अभ्यास केला. १९१७ साली कलकत्त्यात बोस संशोधन संस्था काढली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी ते वारले. त्यांना प्रयोगशाळा कोणी दिली नाही, पण त्यांनी ती दुसऱ्यांना दिली. संस्था अजून चालू आहे.

— इयत्ता चौथी