कावीळ स्वतःवर ओढवून घेणारा शास्त्रज्ञ

पवनेकाठच्या काळेवाडीसारख्या दाट वस्तीत पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले, की काविळीची धास्ती वाटते. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार म्हणजे हिपॅटायटिस ई. तिचा विषाणू जगाला दाखवला रशियाच्या मिखाईल बालायान (१९३३-२०००) यांनी, आणि तोही स्वतः आजारी पडून.

या आजाराचे पहिले मोठे धागेदोरे भारतातले होते. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचे पाणी उचलण्याच्या ठिकाणी सांडपाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या रुग्णांचे जपून ठेवलेले रक्त पुढे तपासले गेले. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे संशोधकही होते. १९८० मध्ये निष्कर्ष आला, की ही कावीळ ना ‘ए’ विषाणूची, ना ‘बी’ची. मग कोणाची?

बालायान मॉस्कोच्या पोलिओ व विषाणूजन्य मेंदूज्वर संस्थेत काम करत. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांत अशीच कावीळ पसरली होती. बालायान यांच्या शरीरात ‘ए’विरुद्धची प्रतिकारशक्ती आधीच होती, त्यामुळे कावीळ झालीच तर ती ‘ए’ची नसणार. नऊ रुग्णांच्या विष्ठेचा अर्क त्यांनी प्यायला. दिवस गेले, आठवडे गेले. ३६ व्या दिवशी कावीळ उमटली. त्यांच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोल, सूक्ष्म कण दिसले. माकडांनाही त्यांनी तो आजार झाला. १९८३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. बालायान बरे झाले आणि पुढेही याच विषाणूचा अभ्यास करत राहिले.

ते ३६ दिवस आपल्यासाठीही महत्त्वाचे आहेत. विषाणू तोंडावाटे पोटात आणि तिथून यकृतात जातो. त्याला हटवताना शरीराची प्रतिकारशक्तीच यकृताच्या पेशींना इजा करते. मग रक्तात पित्तद्रव्य साचते, डोळे पिवळे आणि लघवी गडद होते. संसर्गापासून इथवर यायला साधारण २ ते ८ आठवडे लागतात. डोळे पिवळे होईपर्यंत नळाचे पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागलेले असते. फुटलेली जलवाहिनी कोणाच्या लक्षातही नसते. दरम्यान रुग्णाच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागलेला असतो.

बहुतेक जण विश्रांतीने बरे होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र हा आजार जिवावर बेतू शकतो. अशा बाधित स्त्रियांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात. म्हणून गढूळ पाणी आले त्याच दिवसापासून ते उकळून प्यावे, घरात गरोदर बाई असेल तर न चुकता, आणि गळतीची तक्रारही लगेच करावी.