जमिनीखालचा हिशेब

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटलं की डोळ्यांपुढे म्हैसुरी फेटा आणि कृष्णराजसागर धरण उभं राहतं. दर १५ सप्टेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, अभियंता दिन साजरा होतो. तेव्हाही भाषणं होतात ती धरणांवरच. मला मात्र हा माणूस आठवतो तो कासारवाडीत. तिथं पवनेच्या काठी पिंपरी-चिंचवड महापालिकेचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. सांडपाण्याचा विषय निघाला की आपण नाक मुरडतो. विश्वेश्वरय्यांनी मात्र ऐन उमेदीतली वर्षं या विषयाला दिली.

मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा. वडील लवकर गेले; शिकवण्या करत बंगळूरला शिक्षण केलं. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत आला आणि १८८३ साली पहिल्या क्रमांकानं इंजिनिअर झाला. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाला. मग खानदेश, पुणे आणि सिंधमधलं सक्कर. १९०३ साली त्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे ८ फूट वाढली. जुन्या बांधकामातून आणखी काय निघतं, हे ते आधी पाहत.

याच सुमारास इलाख्याच्या सॅनिटरी इंजिनिअरची जबाबदारी त्यांच्याकडे आली. प्लेग आणि पटकीनं घरंच्या घरं ओस पडत होती. शुद्ध पाणी आत आणणं आणि घाण पाणी बाहेर नेणं, ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, हे धरून त्यांनी गावोगावच्या योजना आखल्या. १९०६ साली सरकारनं त्यांना याच कामासाठी थेट एडनला पाठवलं. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या महापुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं. निजाम सरकारनं पूर आवरण्यासाठी आणि शहराच्या मलनिस्सारणासाठी त्यांनाच बोलावलं.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९१३ साली त्यांच्याच कारकिर्दीत बँक ऑफ म्हैसूर निघाली. माझं आयुष्य बँकेत गेलं, म्हणून हा धागा मला विशेष जवळचा. कर्जाची फाइल हातात आली की आम्ही यंत्राच्या किमतीइतकाच घसारा पाहायचो. यंत्र रोज थोडं थोडं झिजतं, आणि त्या झिजेचे पैसे रोज बाजूला पडले नाहीत तर एक दिवस कारखानाच बसतो.

शहराचंही तेच. पिंपरी-चिंचवडला १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महापालिका झाली. शेतांच्या जागी कारखाने आणि चाळी, चाळींच्या जागी इमारती आल्या. सांडपाणी उताराने पंपिंग स्टेशनच्या विहिरीत उतरतं आणि तिथून पंपानं उचलून शुद्धीकरणाला जातं. आपल्याकडे पंपांचं आयुष्य साधारण १५ वर्षं आणि लाइनीचं ३० वर्षं धरून योजना आखतात. सांडपाण्यातून निघणाऱ्या वायूचं आम्ल होतं आणि ते काँक्रीटचे पाइप वरच्या बाजूनं खात जातं. रस्त्यावरून काही दिसत नाही. दिसतं तेव्हा रस्ता खचलेला असतो, किंवा मैलापाणी नाल्यातून पवनेत पोचलेलं असतं.

बदलायला घ्यावं तर पाणी थांबत नाही. आठवडाभर मोरी वापरू नका, असं शहराला कोण सांगणार? तात्पुरते पंप लावून, पाणी दुसरीकडून वळवून, रात्री-अपरात्री काम करावं लागतं. लोक खोदकामाला शिव्या देतात आणि काम पुरं झालं की कुणी नारळसुद्धा फोडत नाही. पण हे वेळेवर झालं नाही तर तुंबलेल्या चेंबरमध्ये शेवटी माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्यानं त्याला बंदी आहे, तरी माणसं गुदमरून मरतातच. घसाऱ्याची रक्कम आपण वाचवतो आणि तिची वसुली त्यांच्याकडून होते.

विश्वेश्वरय्यांना १९५५ साली भारतरत्न मिळालं. १९६२ साली, शंभरी पार करून ते गेले. यंदा महापालिकेचं अंदाजपत्रक वर्तमानपत्रात येईल तेव्हा उड्डाणपुलांच्या आकड्यांवरून नजर थोडी खाली आणा. जुनी पंपिंग स्टेशनं आणि ड्रेनेज लाइनी बदलण्यासाठी किती ठेवलेत, ते पाहा. आणि रक्कम कमी वाटली तर आपल्या नगरसेवकाला विचारा.