हाफकिन आणि ५३-एन क्रमांकाची बाटली

परळच्या ज्या संस्थेचे नाव मुंबईकर सहजपणे घेतात, त्या नावाचा मूळ धनी डॉक्टर नव्हता. वाल्डेमार हाफकिन हे प्राणिशास्त्रज्ञ होते. रोग्याची नाडी पाहण्याची पदवी नसलेल्या या माणसाने पटकी आणि प्लेग या दोन महाभयंकर रोगांवर लस तयार केली, ही गोष्ट सरकारी वैद्यकीय खात्यातील अनेकांना अखेरपर्यंत रुचली नाही. पुढे जे घडले त्याच्या मुळाशी ही अढी नव्हती, असे म्हणणे कठीण आहे.

१५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विद्यापीठात इल्या मेच्निकोव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. परंतु ज्यूंवरील हल्ल्यांचा प्रतिकार करताना अटक झाली आणि धर्मांतरास नकार दिल्यामुळे प्राध्यापकपदाची वाट बंद झाली. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले, तेही ग्रंथालयातील सहायक म्हणून. तेथेच त्यांनी पटकीची लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्या वर्षी ते कलकत्त्यात दाखल झाले. पुढील अडीच वर्षांत त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना ही लस टोचली.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी मुंबईत मांडवी भागात प्लेगचे निदान केले. ते वर्ष दख्खनला दुहेरी घातक ठरले. पाऊस दगा देऊन गेला होता. इंदापूर आणि तेव्हाचा भीमथडी तालुका, म्हणजे आजचा बारामती-दौंडचा टापू, हा तर पुणे जिल्ह्यातील पिढीजात अवर्षणाचा पट्टा. एकीकडे दुष्काळ आणि दुसरीकडे मुंबईहून रेल्वेमार्गाने पसरत चाललेली महामारी! पुण्यात १० मार्च १८९७ रोजी प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. घरझडतीच्या जाचातून २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. अशा संतप्त वातावरणात सरकारी सुई दंडावर टोचून घ्यायला कोण तयार होणार?

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व व्हरांडा मिळाला. दिमतीला एक कारकून आणि तीन शिपाई. मांसरसात तुपाचे थेंब सोडले की त्यांना लोंबकळत प्लेगचे जंतू झुबक्यांनी वाढतात, असे त्यांना आढळले. हे जंतू उष्णतेने मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, ही झाली लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीच्या मात्रेच्या चौपट, म्हणजे १० घनसेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. ताप चढला आणि उतरला.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या १४७ कैद्यांना लस दिली गेली, १७२ जण तसेच राहिले. लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. बंदिवानाच्या स्वेच्छेला किती अर्थ असतो, हा प्रश्न आज कोणीही विचारील. तो विचारायलाच हवा. मात्र लस घेतलेले आणि न घेतलेले एकाच छपराखाली, एकच अन्न खाणारे असावेत, म्हणजे फरक लसीचाच ठरेल, ही हाफकिन यांची दृष्टी काळाच्या पुढची होती. बडोद्याजवळच्या उंढेरा गावात १८९८ मध्ये त्यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ मरण पावले, घेतलेल्या ७१ पैकी तिघे. १८९९ मध्ये परळचे जुने राजभवन प्लेग प्रयोगशाळेसाठी त्यांच्या स्वाधीन झाले.

आणि मग पंजाबातील मुलकोवाल आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला, एकोणीसही दगावले. मागणी प्रचंड वाढल्यामुळे परळला उत्पादनाची पद्धत बदलली होती आणि कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशी आयोगाने नेमके यावरच बोट ठेवले. हाफकिन पदावरून दूर झाले, वेतन थांबले आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले.

वस्तुस्थिती निराळी होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मुंबईतच बाटलीत गेले असते, तर मधल्या आठवड्यांत द्रवाला दुर्गंधी सुटली असती. ती आली नव्हती. त्याच प्रकारच्या इतर बाटल्यांनी कोणाला अपाय केला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही दूषण गावातच घडले असण्याकडे कौल दिला. तरीही कागद हलेनात. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कोठे वर्षअखेरीस सरकारने त्यांना दोषमुक्त मानले.

ते परतले, पण कलकत्त्याला. परळ पुन्हा मिळाले नाही. नव्या लसीच्या चाचण्यांनाही वाव उरला नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा आयुष्यातील उमेदीची वर्षे आपण मुंबईच्या कामाला दिली, असे त्यांनी कृतज्ञतेने कळवले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.