रेचल कार्सन

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही नाशिकच्या पंचवटीत गोदावरीच्या घाटावर कधी गेला आहात का? पावसाळ्यात तेथे नदी गढूळ असते. पावसाळा संपला की पाणी निवळते. निवळलेले पाणी पाहून आपल्याला वाटते, नदी शुद्ध झाली. पण डोळ्यांना न दिसणारे विषही पाण्यात असू शकते. ही गोष्ट साऱ्या जगाला समजावून सांगणाऱ्या रेचल कार्सन यांची ओळख आज आपण करून घेऊ.

रेचल यांचा जन्म 27 मे 1907 रोजी अमेरिकेतील स्प्रिंगडेल या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. आईने त्यांना झाडे, पक्षी आणि किडे यांचे निरीक्षण करायला शिकवले. रेचल यांना लेखनाचीही आवड होती. 1932 मध्ये त्यांनी प्राणिशास्त्राची उच्च पदवी मिळवली. तीन वर्षांनी वडील वारले आणि घराचा भार त्यांच्यावर आला. त्यांनी सरकारच्या मत्स्य खात्यात नोकरी धरली. पुढे समुद्रावरील पुस्तकांमुळे त्या प्रसिद्ध झाल्या.

त्या काळी डी.डी.टी. या कीटकनाशकाचा फार बोलबाला होता. त्याने डास मरत आणि हिवताप कमी होई. त्यामुळे लोक ते शेतांवर, जंगलांवर आणि तलावांवर सढळ हाताने फवारू लागले.

अमेरिकेत क्लिअर लेक नावाचा तलाव आहे. तेथील चिलटे मारण्यासाठी 1949 पासून तीन वेळा पाण्यात डी.डी.डी. हे औषध टाकले गेले. ते डी.डी.टी.चेच भावंड. त्याचे प्रमाण पाण्याच्या 5 कोटी भागांत जास्तीत जास्त एक भाग, इतके थोडे होते. तरीही टिबुकलीच्या कुळातले पाणपक्षी मरू लागले. त्यांच्या हजाराहून अधिक जोड्या होत्या, त्या 1960 पर्यंत सुमारे 30 उरल्या. पाणी तपासले, तर त्यात औषध सापडेना! मग ते गेले कोठे?

मित्रांनो, तेलाचा हात नुसत्या पाण्याने धुऊन पाहा. तेल निघत नाही, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. ही औषधेही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज विरघळतात. ती कल्ल्यांतून आणि अन्नातून माशाच्या अंगात जातात, चरबीत साठतात आणि लवकर बाहेर पडत नाहीत. पाण्यातील सूक्ष्म जीवांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे खातात आणि माशांना पक्षी खातात. प्रत्येक पायरीवर विष वाढत जाते. त्या तलावातील सूक्ष्म जीवांत औषधाचे प्रमाण 10 लाख भागांत 5 भाग होते. पक्ष्यांच्या चरबीत ते 1600 भाग निघाले.

अशी अनेक उदाहरणे गोळा करून रेचल यांनी 1962 मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिले. औषधे बनवणाऱ्या कंपन्या चिडल्या. त्यांनी रेचल यांची खूप टिंगल केली. त्या वेळी रेचल कर्करोगाने आजारी होत्या, पण हे त्यांनी लोकांना कळू दिले नाही. सर्व कीटकनाशके बंद करा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती विचार करून आणि जपून वापरावीत, एवढीच त्यांची मागणी होती. 1963 मध्ये त्यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या शास्त्रज्ञांनीही त्यांचे म्हणणे उचलून धरले.

14 एप्रिल 1964 रोजी रेचल यांचे निधन झाले. आपल्या श्रमांचे पूर्ण फळ त्यांना पाहता आले नाही. अमेरिकेने 1972 मध्ये डी.डी.टी.वर बंदी घातली. भारतात 1989 मध्ये शेतीसाठी त्याचा वापर बंद झाला.

पंचवटीवरून पुढे गेलेली गोदावरी नांदूर मधमेश्वरला पोहोचते. हिवाळ्यात तेथे दूरदूरचे पक्षी येतात. शेतात जास्त फवारलेले किंवा नाल्यात ओतलेले औषध पावसाबरोबर नदीत येऊ शकते. नदीतून ते माशांत आणि माशांतून पक्ष्यांत व माणसांत पोहोचू शकते. म्हणून मित्रांनो, औषधाचे रिकामे डबे नदीत धुऊ नका आणि दुसऱ्यालाही धुऊ देऊ नका.